गाठीची भूक आणि आजाराचे भाकीत

गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाच टप्प्यात सापडलेल्या आणि एकसारखे उपचार घेतलेल्या दोन स्त्रियांमध्येही वेगवेगळ्या वाटेने जातो. एकीची गाठ किरणोपचारांनी विरघळून जाते आणि पाच वर्षांनीही ती शेतात, घरात, कामावर पहिल्यासारखी वावरत असते. दुसरीच्या गाठीवर तेवढ्याच मात्रेचा पुरेसा परिणाम होत नाही; दीड-दोन वर्षांत रोग ओटीपोटात किंवा फुप्फुसात पुन्हा डोके वर काढतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत हा फरक स्पष्ट दिसतो. या चाचणीतल्या साडेआठशे स्त्रियांचा रोग एकाच, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या ‘ब’ गटातला होता. निम्म्या स्त्रियांना फक्त किरणोपचार दिले गेले, तर निम्म्यांना त्यासोबत दर आठवड्याला सिस्प्लाटिन हे औषध. पाच वर्षांनंतर पहिल्या गटातल्या ४६ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या. औषधाचा फायदा त्यातून सिद्ध झाला, पण एक प्रश्न उरलाच. टप्पा तोच, रुग्णालय तेच, उपचार तेच, तरीही साधारण निम्म्या वाचतात आणि निम्म्या दगावतात. कोण कोणत्या बाजूला जाईल, हे टप्प्याच्या आकड्यावरून आधी सांगता येत नाही.

ते सांगू शकेल अशी खूण गाठीच्या आत शोधण्याचे काम गेली अनेक वर्षे चालू आहे. त्यातला एक महत्त्वाचा प्रवाह गाठीच्या चयापचयाकडे पाहतो. पेशी अन्न कसे घेते, ते कसे जाळते, त्यातून नव्या पेशींसाठी लागणारा माल कसा तयार करते आणि ही कामे सांभाळणारी जनुके किती जोमाने चालू आहेत, यावरून रोगाची पुढची चाल ओळखण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन तालुके, एक आजार

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके या आजाराचे ग्रामीण रूप समजून घ्यायला सोयीचे आहेत. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला आहे. घाटघर, हातवीज, आहुपे, माळीण अशी गावे, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, पावसाळ्यात भातखाचरे आणि एरवी हिरड्याची वेचणी, असे तिथले जीवन. पूर्व भाग कुकडी आणि घोड नद्यांवरच्या धरणांच्या पाण्यावर फुललेला. नारायणगावचा टोमॅटो, मंचरची बाजारपेठ, ऊस आणि कांदा ही त्याची ओळख. एकाच तालुक्यात पुणे-नाशिक महामार्गावरची बाई दोन तासांत पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पोचू शकते, तर आहुप्याच्या बाईला आधी घोडेगाव, मग मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून पुणे असे टप्पे घ्यावे लागतात.

रोगाची सुरुवात मात्र दोन्हीकडे सारखीच असते. अंगावरून पांढरे जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागणे, या तक्रारी महिनोन्महिने अंगावर काढल्या जातात. ‘पिशवीला सूज आहे’ एवढ्यावर गोळ्या घेतल्या जातात. तपासणीला यायला जितका उशीर, तितका रोगाचा टप्पा पुढचा. जनुकांचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही, कारण प्रयोगशाळेत पोचणारा गाठीचा तुकडा याच वाटेने आलेला असतो.

विषाणू काय बिघडवतो

या कर्करोगाच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत ह्यूमन पॅपिलोमा विषाणू म्हणजे एचपीव्ही सापडतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३ साली या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार आणि पुढच्याच वर्षी १८ क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींतून वेगळा केला. त्या कामासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडतो. तिथून कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात.

विषाणूची दोन प्रथिने मुख्य काम करतात. ई-६ हे प्रथिन पेशीतल्या पी-५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवून आणते. ई-७ हे प्रथिन आरबी नावाच्या दुसऱ्या रक्षकाला बांधून निकामी करते. हे दोन्ही रक्षक पेशीच्या विभाजनाला लगाम घालतात, एवढे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. त्यांचे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे: पेशीने इंधन कसे वापरायचे, यावरही त्यांचा अंकुश असतो. पी-५३ निरोगी पेशीत एससीओ-२ हे जनुक चालू ठेवते. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीचा एक भाग जुळवायला हे जनुक लागते. पी-५३ गेले की ही साखळी ढिली पडते आणि पेशी साखरेच्या झटपट विघटनाकडे झुकते. ई-७ प्रथिन पीकेएम-२ नावाच्या विकरालाही जाऊन चिकटते. हे विकर ग्लुकोजच्या विघटनातल्या शेवटच्या पायरीवर काम करते. ई-७ मुळे त्याचे रूप असे बदलते, की ग्लुकोजपासून बनलेला माल पुढे जळून न जाता नव्या पेशींच्या बांधणीकडे वळतो.

थोडक्यात, विभाजनाची मोकळीक आणि बदललेली भूक या दोन गोष्टी विषाणू एकाच वेळी पेशीच्या पदरात टाकतो.

ग्लुकोजची उधळपट्टी

जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले, की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करत नाहीत. त्या ग्लुकोज अर्धवट मोडतात आणि उरलेला भाग दुग्धाम्ल म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. पूर्ण ज्वलनात ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऊर्जावाहक एटीपीचे सुमारे तीस रेणू मिळतात. या अर्धवट मार्गाने निव्वळ दोन. रसवंतीच्या चरकातून ऊस एकदाच काढून चिपाड फेकून द्यावे, तसा हा व्यवहार आहे. पेशीला तो परवडतो, कारण तिला ऊर्जेपेक्षा वेग आणि बांधकामाचा माल जास्त हवा असतो. अर्धवट मोडलेल्या ग्लुकोजपासून डीएनएचे घटक, मेदाम्ले आणि अमिनो आम्ले तयार करता येतात.

गर्भाशयमुखाच्या गाठीत या व्यवहारात गुंतलेली जनुके चार गटांत मांडता येतात.

पहिला गट ग्लुकोज आत घेणाऱ्या आणि मोडणाऱ्या जनुकांचा. पेशीच्या पटलावर ग्लट-१ नावाची दारे असतात; त्यांतून ग्लुकोज आत येते. आत आलेल्या ग्लुकोजला हेक्सोकायनेज-२ हे विकर फॉस्फेट जोडून अडकवून ठेवते. शेवटी एलडीएच-ए हे विकर त्याचे दुग्धाम्ल करते. ही तीन जनुके जोरात चालू असलेल्या गाठी सर्वसाधारणपणे अधिक आक्रमक असतात.

दुसरा गट प्राणवायूच्या टंचाईला तोंड देणाऱ्या जनुकांचा. गाठ वाढते तशी तिच्या गाभ्यापर्यंत रक्त पोचत नाही. प्राणवायू कमी पडला की एचआयएफ-१ हे नियंत्रक प्रथिन टिकून राहते आणि पहिल्या गटातली जनुके आणखी चढवते. त्यासोबत ते सीए-९ हे जनुकही चालू करते. सीए-९ पेशीच्या आतली आम्लता बाहेर ढकलण्याच्या कामी येते. पेशी त्यामुळे तगते, भोवतालचा भाग मात्र आंबट होतो. या आंबट वातावरणात रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी मंदावतात.

तिसरा गट मेद आणि अमिनो आम्लांचा. नव्या पेशींच्या पटलांसाठी मेदाम्ले लागतात, ती बनवणारी जनुके वाढतात. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल दुसरे इंधन म्हणून वापरले जाते. ट्रिप्टोफॅन मोडणारे आयडीओ-१ हे जनुक चढले, तर टी-पेशींची उपासमार होते.

चौथा गट वरून सूत्रे हलवणाऱ्या जनुकांचा. अमेरिकेच्या ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ प्रकल्पाने २०१७ साली गर्भाशयमुखाच्या २२८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधारण चौथाई गाठींमध्ये पीआयके३सीए या जनुकात बदल आढळले. इन्सुलिनसारख्या संदेशांना प्रतिसाद देऊन पेशीला ‘खा आणि वाढ’ असे सांगणाऱ्या मार्गावर हे जनुक आहे. त्याच्या उलट बाजूला एलकेबी-१ हे प्रथिन उभे असते. ऊर्जा कमी पडली की वाढ थांबवण्याचा इशारा त्याच्यामार्फत जातो. ते बनवणारे एसटीके-११ हे जनुक काही गाठींत तुटलेले किंवा गळून गेलेले असते. २००९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात गर्भाशयमुखाच्या किमान २० टक्के गाठींत या जनुकात बिघाड दिसला. एलकेबी-१ नसलेल्या गाठींच्या रुग्णांचा मध्यम जीवनकाळ १३ महिने भरला, तर ते शाबूत असलेल्यांचा १०० महिन्यांहून जास्त. रुग्णसंख्या लहान होती, म्हणून आकडे जपून वापरावे लागतात. तरीही एका चयापचयी जनुकाचा रोगाच्या चालीशी इतका ठळक संबंध क्वचितच दिसला आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतल्या होत्या. त्यांच्यातही एलकेबी-१ नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही जनुके बिघडलेली असतात ती गाठीच्या पेशींत. आईकडून लेकीकडे जाणाऱ्या वारशाशी बहुतेक वेळा त्यांचा संबंध नसतो. आईच्या गाठीचा अहवाल वाईट आला म्हणून मुलीला तोच धोका आहे, असे होत नाही.

भूक आणि किरणोपचार यांचा संबंध

चयापचयाची जनुके भविष्य का सांगू शकतात, याचे एक उत्तर किरणोपचारांच्या कार्यपद्धतीत आहे. गावाकडे ज्याला ‘शेक देणे’ म्हणतात तो हा उपचार. किरणांमुळे पेशीत अतिशय चंचल रेणू तयार होतात आणि ते डीएनए तोडतात. जवळ प्राणवायू असेल तर ही तूट कायमची होते. नसेल तर पेशी ती बरीचशी दुरुस्त करू शकते. प्राणवायूविना असलेली पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. म्हणून प्राणवायूच्या टंचाईची जनुके चढलेली गाठ ही किरणोपचारांना दाद न देणारी गाठ ठरण्याची शक्यता जास्त.

जर्मनीतल्या माइंत्स इथे मिखाएल हॉकेल आणि पीटर फाउपेल यांच्या गटाने १९९० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या गाठींत बारीक सुया घालून प्राणवायूचा दाब थेट मोजला. ज्या गाठींत तो कमी भरला, त्या स्त्रियांचा रोग जास्त वेळा परतला आणि त्या कमी काळ जगल्या. गाठीतल्या दुग्धाम्लाचे मोजमापही झाले. ते जास्त असलेल्या गाठी लवकर पसरताना दिसल्या. नॉर्वेत ऑस्लो इथल्या संशोधकांनी पुढे एमआरआय आणि जनुकांची मोजणी यांची सांगड घालून प्राणवायूच्या टंचाईची सहा जनुकांची कसोटी तयार केली.

जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात हा धागा थेट रक्तापर्यंत येतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. गाठीतून रोज होणाऱ्या रक्तस्रावाने ते आणखी उतरते. रक्त पातळ झालेल्या बाईच्या गाठीला प्राणवायू आणखी कमी मिळतो. किरणोपचार सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासणे आणि फार उतरले असेल तर रक्त चढवणे, ही नेहमीची पद्धत याच कारणाने आहे.

चयापचय मोजण्याची एक तपासणी रुग्णालयात रोज वापरली जाते. ती म्हणजे पेट स्कॅन. रुग्णाला चार-सहा तास उपाशी ठेवतात आणि किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य शिरेतून देतात. मग तासभर तिला शांत पडून राहायला सांगतात. या वेळात जास्त बोलणे-चालणेही टाळतात, कारण हलणारे स्नायूही ते द्रव्य खेचून घेतात. ग्लट-१ ची दारे जास्त असलेली गाठ हे द्रव्य हावरटपणे आत घेते, हेक्सोकायनेज-२ त्याला अडकवते आणि पडद्यावर गाठ उजळून दिसते. म्हणजे वर सांगितलेल्या दोन जनुकांचे कामच त्या चित्रात उमटते. अमेरिकेत सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००७ साली दाखवले, की उपचाराआधी गाठ जितकी जास्त उजळते तितका पुढचा धोका जास्त. हे द्रव्य ११० मिनिटांत निम्मे होते, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. पेट स्कॅन मोठ्या शहरांतच सापडतो, त्याचे हेही एक कारण आहे.

भाकिताचे गणित

एका जनुकावर विसंबण्यापेक्षा अनेक जनुकांचा मिळून गुणांक काढणे, ही आजची रीत आहे. तिच्या पायऱ्या समजल्या तर अशा अभ्यासांच्या बातम्या वाचताना फसगत होत नाही.

गाठीचा तुकडा काढून तपासायला देतात, त्याचा एक भाग जनुकांच्या मोजणीला जातो. प्रत्येक जनुकाची नक्कल असलेले आरएनएचे रेणू किती आहेत, ते यंत्र मोजते. वीस हजारांच्या आसपास जनुकांची मोजमापे हाती येतात. त्यांतून चयापचयाशी संबंधित शेकडो जनुके वेगळी काढतात. कोणती स्त्री किती महिने जगली किंवा तिचा रोग कधी परतला, याची नोंद शेजारी ठेवतात आणि संख्याशास्त्राच्या पद्धतीने प्रत्येक जनुकाचा या काळाशी संबंध तपासतात. नुसते योगायोगाने जुळणारे दुवे गाळण्यासाठी दुसरी चाळणी लावतात. शेवटी पाच-दहा जनुके उरतात आणि प्रत्येकाला एक वजन मिळते.

पद्धत कळावी म्हणून तीन जनुकांचे एक कल्पित उदाहरण घेता येईल. एलडीएच-ए चे वजन ०.४, सीए-९ चे ०.३ आणि रोगाला आवर घालणाऱ्या एका जनुकाचे उणे ०.५ आहे. पहिल्या स्त्रीच्या गाठीत त्यांची मोजमापे अनुक्रमे ५, ६ आणि २ आली. तिचा गुणांक २ अधिक १.८ उणे १, म्हणजे २.८. दुसरीची मोजमापे ३, १ आणि ५. तिचा गुणांक १.२ अधिक ०.३ उणे २.५, म्हणजे उणे १. पहिली ‘जास्त धोक्याच्या’ गटात जाते, दुसरी ‘कमी धोक्याच्या’. मग दोन्ही गटांचे जगण्याचे आलेख काढून ते एकमेकांपासून किती दूर जातात ते पाहतात.

अशा गुणांकाची कसोटी एका आकड्यात सांगतात. कोणत्याही दोन रुग्णांपैकी आधी कोणाचा रोग बळावेल, हे गुणांकाने किती वेळा बरोबर ओळखले, तो हा आकडा. ०.५ म्हणजे छापा-काटा, १ म्हणजे एकही चूक नाही. यांतल्या बऱ्याच कसोट्यांचा आकडा या दोहोंच्या मधोमध घुटमळतो.

कच्चे दुवे

नियतकालिकांत अशा जनुकसंचांची रीघ लागली आहे. कुठे सहा जनुके, कुठे नऊ, आणि एका संचातली जनुके दुसऱ्यात सहसा सापडत नाहीत. त्यामागे ठोस कारणे आहेत आणि या संचांच्या वापरात काही अडचणीही.

एक, यांतले बरेच अभ्यास त्याच अमेरिकी जीनोम प्रकल्पाच्या सुमारे तीनशे रुग्णांच्या माहितीवर आधारलेले आहेत. त्यांतले मृत्यू साधारण चौथाई. हजारो जनुके आणि मूठभर मृत्यू यांची जुळवाजुळव केली की काही जनुके निव्वळ योगायोगानेही ‘महत्त्वाची’ ठरतात. दुसऱ्या रुग्णांवर तपासल्याशिवाय अशा संचाला किंमत नसते.

दोन, एकाच चयापचयी मार्गावरची जनुके बहुधा एकत्र चढतात-उतरतात. एलडीएच-ए निवडले काय किंवा त्याच मार्गावरचे दुसरे जनुक निवडले काय, माहिती जवळपास तीच मिळते. म्हणून याद्या वेगळ्या दिसल्या तरी त्यांच्यामागचे जीवशास्त्र बरेचदा एकच असते.

तीन, रुग्ण वेगळे आहेत. जीनोम प्रकल्पातल्या निम्म्याच्या आसपास स्त्रिया पहिल्या टप्प्यातल्या होत्या. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोजणीला सहज मिळतात, म्हणून अशा संग्रहांत लवकर सापडलेला रोग जास्त असतो. महाराष्ट्राच्या खेड्यांतून येणाऱ्या बऱ्याच स्त्रियांचा रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो आणि त्यांच्यावर किरणोपचार होतात. पहिल्या गटावर बेतलेला गुणांक दुसऱ्या गटाला तसाच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

चार, तुकडा कुठून घेतला यावर मोजमाप बदलते. गाठीच्या कडेला प्राणवायू भरपूर असतो, गाभ्यात तो नसतो. एकाच गाठीचे दोन तुकडे दोन वेगळी उत्तरे देऊ शकतात.

पाच, भाकीत खरे निघाले तरी त्यामुळे उपचार बदलला पाहिजे. स्तनाच्या कर्करोगात हे साधले आहे. दहा हजारांहून जास्त स्त्रियांच्या चाचणीतून २०१८ साली दिसले, की २१ जनुकांच्या कसोटीत मधला गुणांक आलेल्या बहुतेक स्त्रियांना रसायनोपचार टाळता येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात चयापचयाच्या जनुकांवरून उपचार ठरवण्याची शिफारस अद्याप कोणत्याही प्रमुख मार्गदर्शिकेत नाही.

या अडचणींवरचा उपाय इथल्याच रुग्णांवर काम करणे हा आहे. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतल्या रीटा मुल्हेरकर यांच्या गटाने भारतीय स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या वेगवेगळ्या टप्प्यांतल्या गाठींमधली जनुके मोजून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. असे काम शेकडो रुग्णांवर, किरणोपचारांच्या परिणामांशी जोडून आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करून व्हायला हवे. त्याचा आरंभ तालुक्याच्या रुग्णालयातून होतो. काढलेला तुकडा लगेच नीट जतन झाला नाही तर आरएनए मोडतो आणि मग कितीही महागडे यंत्र असले तरी मोजण्यासारखे काही उरत नाही.

महाराष्ट्राने दिलेला पुरावा

रोगाची पुढची चाल बदलण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र मराठवाड्याच्या खेड्यांतून आला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. गावांचे ५२ समूह करून काहींत एचपीव्हीची तपासणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी आणि काहींत नेहमीचीच आरोग्यसेवा ठेवली. २००९ साली निकाल आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात १२७ कर्करोग सापडले. त्यांतले ३९ दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यातले होते. तपासणी नसलेल्या गटात ११८ सापडले. त्यांतले ८२ पुढचे. पहिल्या गटात ३४ मृत्यू झाले, दुसऱ्यात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासणी न दिलेल्या गटाच्या नैतिकतेवर नंतर बरीच टीका झाली, पण निष्कर्ष टिकून राहिला.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दीड लाखांवर स्त्रियांसोबत केलेल्या चाचणीत सौम्य आम्लाची पाहणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली. गर्भाशयमुखावर आम्ल लावून मिनिटभर थांबायचे. विकृत भाग पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो. बारा वर्षांच्या पाठपुराव्यात या पद्धतीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ही तपासणी मंचरच्या रुग्णालयातच काय, प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी ती दर पाच वर्षांनी करायची आहे. प्रत्यक्षात पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरात दोन स्त्रियांचीही गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नव्हती.

लसीच्या बाबतीतही पुणे आणि बार्शी ही नावे येतात. २००९ साली सुरू झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात ही दोन्ही ठिकाणे होती. लसीकरण मध्येच थांबवावे लागल्याने हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांच्या पाठपुराव्यातून दिसले, की एक मात्राही १६ आणि १८ क्रमांकांच्या विषाणूंच्या चिवट संसर्गापासून जवळजवळ तितकेच संरक्षण देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लसीला परवानगी मिळाली.

आज कामी येणारे भाकीत

जुन्नर किंवा आंबेगावातल्या एखाद्या स्त्रीचे निदान आज झाले, तर तिच्या पुढच्या वाटेचा अंदाज चार गोष्टींवरून बांधता येतो: रोगाचा टप्पा, लसिकाग्रंथींपर्यंत झालेला प्रसार, रक्तातले हिमोग्लोबिन आणि उपचार वेळेत पूर्ण होणे. बाहेरून आणि आतून मिळून दिले जाणारे किरणोपचार साधारण आठ आठवड्यांत संपले पाहिजेत. बाहेरचे शेक आठवड्यातले पाच दिवस, सुमारे पाच आठवडे चालतात आणि त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. आहुप्याहून रोज ये-जा शक्य नाही. मुक्कामाची सोय, बुडणारी मजुरी आणि घरी लेकरांना पाहणारे कोणी नसणे, यांत उपचार मध्येच सुटतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च निघू शकतो. राहण्याचा प्रश्न कुटुंबाला आणि गावाला मिळून सोडवावा लागतो. उपचार लांबले की वाचलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते आणि मग कोणत्याही गुणांकाचे भाकीत खोटे ठरते.

चयापचयाच्या जनुकांचा उपयोग यानंतरच्या पायरीवर आहे. टप्पा तोच असूनही कोणत्या गाठी किरणांना दाद देणार नाहीत, हे ही जनुके आधी सांगू शकली, तर अशा मोजक्या स्त्रियांना जादा औषधे किंवा रोगप्रतिकारशक्तीवर काम करणारे नवे उपचार देता येतील आणि बाकीच्यांना त्यांच्या त्रासातून व खर्चातून वाचवता येईल. त्यासाठी गुणांक इथल्या स्त्रियांवर, इथल्या उपचारांसह सिद्ध व्हावा लागेल. तोवर तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने पाच वर्षांतून एकदा तपासणी करून घ्यावी, पाळी गेल्यावर अंगावर गेले तर आठवडाभरही थांबू नये, मुलींना लस द्यावी आणि सुरू केलेला शेक अर्ध्यावर सोडू नये.